जाजमावरचं शास्त्र

ऑक्टोबरच्या सकाळी तासगाव तालुक्यातल्या एखाद्या बागेत शिरलं, की छाटलेल्या वेलींच्या ओळीत चार-सहा माणसं हातमोजे घालून काम करताना दिसतात. एका हातात बादली, दुसऱ्या हातात कापडाचा बोळा. बादलीत हायड्रोजन सायनामाइडचं द्रावण असतं. काडीच्या टोकाकडच्या डोळ्यांना बोळा लावायचा आणि पुढच्या काडीकडे वळायचं. याला बागायतदार 'पेस्टिंग' म्हणतात. दहा-बारा दिवसांत बागेतले डोळे एकदम फुटू लागतात. थंड देशात हे काम हिवाळा फुकट करून देतो. मणेराजुरीला आणि सावळजला तसा हिवाळा पडत नाही, म्हणून तो बादलीतून आणावा लागतो.

एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आसपासची फळ छाटणी. वर्षात दोनदा छाटायचं आणि पीक एकदाच घ्यायचं, ही पद्धत युरोपातल्या द्राक्षशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाही. तिथला वेल थंडीत पानं गाळून झोपतो. इथला वेल झोपतच नाही, त्याला कात्रीनं आणि औषधानं भानावर आणावं लागतं. मग हे शास्त्र आलं कुठून? विद्यापीठांतून थोडं आलं, सरकारी प्रक्षेत्रांवरून थोडं आलं. बरंचसं मात्र मांडवात जाजम अंथरून बसलेल्या बागायतदारांनी एकमेकांना विचारून, प्रसंगी भांडून तयार केलं.

जीवशास्त्रावर चालणारा उद्योग म्हटला, की पुण्याच्या लसी नाहीतर हैदराबादची औषधं आठवतात. कृष्णाकाठी हा उद्योग काचेच्या इमारतीत फारसा दिसत नाही. तो द्राक्षाच्या काडीत, उसाच्या बेण्यात, स्ट्रॉबेरीच्या रनरमध्ये आणि मेंढीच्या रक्तात आहे. त्याला सांभाळणाऱ्या संस्थांची नावंही साधीच असतात. कुठे 'संघ', कुठे 'परिवार', कुठे नुसतं 'इन्स्टिट्यूट'.

गणिताचे मास्तर आणि तासगावचा वेल

श्रीपाद अच्युत दाभोलकर हे गणिताचे प्राध्यापक. मूळ साताऱ्याच्या दाभोलकर कुटुंबातले, नरेंद्र दाभोलकरांचे थोरले बंधू. शेतीची पदवी त्यांच्याकडे नव्हती. साठच्या दशकात त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला आणि तासगावकडच्या बागायतदारांना मोजायला लावलं. एका घडाला किती पानं लागतात? एका पानाचं क्षेत्रफळ किती? चौरस फुटावर पडणाऱ्या उन्हातलं किती आपण वाया घालवतो? शेतकरी कागदावर पान ठेवून कडेनं रेघ ओढत आणि आतले चौकोन मोजत. आलेली उत्तरं कुणाच्या तिजोरीत जात नसत. एकाच्या बागेत जमलेलं दुसऱ्याला सांगायचं, हा परिवारात येण्याचा अलिखित नियम होता.

त्याआधी महाराष्ट्रात भोकरी, फकडी, चिमा साहेबी यांसारख्या बियांच्या जाती होत्या. मग हैदराबादकडून अनाबेशाही आली. बिनबियांचं थॉमसन सीडलेस आलं आणि चित्र पालटलं. पण थॉमसन हट्टी. त्याच्या डोळ्यात घड धरेल की नुसती वेलांटी येईल, हे खरड छाटणीनंतरच्या दिवसांवर ठरतं. त्या काळात डोळ्याच्या आत काय चाललंय, ते बाहेरून दिसत नाही. चुकलं तर ऑक्टोबरात कळतं आणि तोवर वर्ष हातचं गेलेलं असतं. अशा पिकात एकट्याचा अनुभव फार हळू वाढतो, कारण वर्षाला एकच धडा मिळतो. शंभर जणांनी आपापला धडा एका जाजमावर मांडला, तर तोच अनुभव एका हंगामात शंभर धड्यांचा होतो.

याच वातावरणात वसंतराव आर्वे यांनी थॉमसनमधला एक वेगळा वेल हेरला. त्याच्या काड्या वाढवल्या, शेजाऱ्यांना दिल्या. ती जात 'तास-ए-गणेश' म्हणून देशभर गेली. 'तास' म्हणजे तासगाव आणि 'ए' म्हणजे आर्वे. सोलापूरकडे नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी अशाच निवडीतून 'सोनाका' आणि काळं 'शरद सीडलेस' दिलं. ही सगळी निवड शेतकऱ्यांच्या नजरेतून झाली. त्यासाठी लागलेली प्रयोगशाळा म्हणजे स्वतःची बाग आणि तिच्याकडे रोज बघायची सवय.

महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ साठच्या दशकाच्या तोंडावर पुण्यात सुरू झाला. पुणे, नाशिक, सांगली आणि सोलापूर असे त्याचे चार विभाग. 'द्राक्षवृत्त' हे मासिक, छाटणीच्या आधी गावोगाव होणारी चर्चासत्रं, पावसाळ्यातलं वार्षिक अधिवेशन, सभासदांना रास्त भावात संजीवकं आणि औषधं पुरवणं, ही त्याची नेहमीची कामं. ऐकायला किरकोळ वाटतात. पण जिबरेलिक ॲसिड, म्हणजे शेतकऱ्यांच्या भाषेत 'जीए', किती पीपीएमला, घड कोणत्या अवस्थेत असताना, फवारून द्यायचं की घड द्रावणात बुडवून, म्हणजे 'डिपिंग' करून, यावर मण्याची लांबी ठरते आणि लांबीवर भाव. बाटलीवरच्या चिठ्ठीत हे लिहिलेलं नसतं. दुकानदार सांगेल ते औषध घ्यायचं, की आधी चर्चासत्रात ऐकायचं, यात एकरी हिशेब फिरतो.

मांजरीला द्राक्षांची राष्ट्रीय संस्था

संघटित बागायतदाराची खरी ताकद कळते ती संशोधक दारात आणताना. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र जानेवारी १९९७ मध्ये सुरू झालं. द्राक्षाला स्वतंत्र केंद्र हवं, ही बागायतदारांची जुनी मागणी होती. केंद्रानं डॉगरिज आणि ११०आर यांसारख्या खुंटांवरचं काम, माती-पाणी आणि देठाची तपासणी, रोगाचा अंदाज अशी कामं हाती घेतली. खुंटावरच्या कलमांनी तर बागा अक्षरशः वाचवल्या. आधी थॉमसन स्वतःच्या मुळांवर उभं असे. खारट पाणी आणि चुनखडीची जमीन यांत ते खचत असे. जतसारख्या कोरड्या तालुक्यात द्राक्ष रुजलं, त्यामागे खुंटाचा वाटा मोठा आहे.

बाजार मात्र वेगळा गुरू निघाला. १९९१ मध्ये शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांनी मिळून 'महाग्रेप्स' उभी केली आणि द्राक्षं युरोपच्या बोटीवर चढवली. सुरुवातीचे कितीतरी कंटेनर तिथे नाकारले गेले. कुठे शीतकरण चुकलं, कुठे मणी सुटले, कुठे पेटीत बुरशी. त्यातून प्री-कूलिंग आलं, पॅकिंगची शिस्त आली. २००३ मध्ये नेदरलँडमध्ये भारतीय द्राक्षांत कीडनाशकांचे अंश सापडले आणि त्यानंतर केंद्र सरकारच्या कृषी निर्यात प्राधिकरणानं, म्हणजे अपेडानं, अंश-तपासणीची योजना लावली. पुढे 'ग्रेपनेट' आलं. निर्यातीच्या प्रत्येक बागेला नोंदणी क्रमांक मिळाला. रॉटरडॅमच्या गोदामातल्या पेटीवरचा आकडा पाहून ती कोणत्या शिवारातली, हे सांगता येऊ लागलं.

तरी २०१० चा हंगाम घात करून गेलाच. शेंड्याची वाढ रोखायला बागायतदार क्लोरमेक्वाट क्लोराईड वापरत. 'सीसीसी' हे नाव शाळकरी पोरालाही ठाऊक. युरोपात त्याची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम होती आणि आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत त्याचं नावच नव्हतं. अहवाल स्वच्छ घेऊन निघालेले कंटेनर तिकडे अडकले. माल पाठवणाऱ्यांचे पैसे बुडाले आणि त्यांच्यामागे बागायतदारांचेही.

अशा वेळी एकटा बागायतदार कुणाकडे दाद मागणार? त्याच्याकडे जर्मन आयातदाराचा पत्ता नसतो आणि दिल्लीतलं दार उघडणारा माणूसही नसतो. संघ, निर्यातदार, संशोधन केंद्र आणि अपेडा यांना एका टेबलाभोवती बसावं लागलं. तपासणीची यादी वाढली, वापरायच्या औषधांचे तक्ते नव्यानं छापले गेले. आज निर्यातीच्या बागेत फवारणीची वही असते. कोणतं औषध, कोणत्या तारखेला, काढणीआधी किती दिवस, हे तिच्यात लिहिलेलं असतं. ती वही अशा वाईट हंगामांनी लिहायला शिकवली.

पाडेगाव, मांजरी आणि लोकरी मावा

उसाची गोष्ट याहून जुनी. फलटण तालुक्यातल्या पाडेगावला १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र आहे. शेतकऱ्यांच्या तोंडी असलेला '८६०३२', कागदावरचं नाव 'नीरा', राज्यात १९९६ मध्ये पसरू लागला. 'फुले २६५' २००७ मधला. या दोन आकड्यांवर कृष्णाकाठच्या कितीतरी घरांच्या बांधकामाचं गणित बसलं आहे.

पाडेगावचं केंद्र सरकारी, पण उसाला आणखी एक आधार मिळाला तो कारखान्यांनी स्वतः उभा केलेला. १९७५ मध्ये साखर कारखान्यांनी मिळून 'डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट' स्थापन केली. कारखान्यांनी गाळपाच्या प्रमाणात वर्गणी द्यायची आणि त्यावर संशोधन चालवायचं, असा तो व्यवहार. सांगलीजवळच्या पद्माळ्याचे वसंतदादा पाटील या चळवळीचे पुढारी. १९८९ मध्ये संस्थेला त्यांचं नाव मिळालं. आज मांजरीची ही 'व्हीएसआय' म्हटली, की ऊतिसंवर्धित रोपं, जिवाणूखतं आणि नव्या जाती डोळ्यांसमोर येतात. जगात साखर उद्योग पुष्कळ ठिकाणी आहे. शेतकऱ्यांच्या मालकीच्या कारखान्यांनी टनामागे पैसा काढून एवढी जैवप्रयोगशाळा चालवल्याची उदाहरणं मात्र थोडी.

तिची परीक्षा जुलै २००२ मध्ये सांगली जिल्ह्यात लागली. उसाच्या पानाखाली पांढरी लोकर धरल्यासारखे किडे दिसू लागले. लोकरी मावा. पान उलटं केलं की कापूस सांडावा तसे ते बोटाला चिकटत. वरून गोड चिकट स्राव गळे, त्यावर काळी बुरशी चढे. पानं काजळल्यासारखी होत. उसात शिरलेल्या मजुरांच्या अंगाला खाज सुटे. पुढच्या दोन हंगामांत मावा सातारा, कोल्हापूर, सोलापूर, पुण्यात आणि शेजारच्या कर्नाटकातही पोहोचला.

पहिली धाव अर्थातच पंपाकडे गेली. पण बारा फुटी उसात फवारणारा माणूस आत जाणार कसा? आणि फवारलं, तर माव्याला खाणारे किडेही मरणार. ज्याची अळी मावा खाते तो 'डिफा' नावाचा पतंग, 'मायक्रोमस' नावाची जाळीदार पंखांची माशी आणि ईशान्येकडून आणलेली 'एन्कार्शिया' ही इवलीशी गांधीलमाशी, या तिघांवर शास्त्रज्ञांनी भिस्त ठेवली. कृषी विद्यापीठं, बेंगळुरूचं जैविक कीड नियंत्रणाचं केंद्र, व्हीएसआय आणि कारखाने कामाला लागले. शेडनेटखाली मावा लागलेला ऊस मुद्दाम राखायचा, त्यात डिफा वाढवायचा, कोष असलेली पानं तोडून दुसऱ्याच्या फडात बांधायची. आपल्या शेतात मावा 'पाळणारा' शेतकरी पाहून शेजाऱ्यांनी कपाळावर हात मारला असेल. पण काही हंगामांत मित्रकिड्यांनी मावा आटोक्यात आणला. मित्रकिडे एका गावच्या वेशीला थांबत नाहीत, पण ते पोहोचवायला वेशीच्या पलीकडे हात पुरवणारं काहीतरी लागतं. ते काम कारखान्यांच्या गटाधिकाऱ्यांच्या जाळ्यानं केलं. ऊसतोडीची नोंद ठेवणारी माणसंच त्या वर्षी डिफाची पानं वाटत होती.

महाबळेश्वरी लाल

घाटावर चढलं की पीक बदलतं, संघाची गरज बदलत नाही. महाबळेश्वर-पाचगणीच्या पट्ट्यात देशातली बहुतेक स्ट्रॉबेरी पिकते. इंग्रजांनी हौसेनं लावलेलं हे फळ आज भिलार आणि आसपासच्या गावांचं रोजचं काम झालं आहे. पाचगणीत १९५९ मध्ये किशोर व्होरा या औषधशास्त्र शिकलेल्या गृहस्थांनी जॅमचा उद्योग मांडला. त्याचा 'मॅप्रो' झाला आणि पिकलेलं फळ घाटाखाली न नेता खपवायची सोय झाली.

स्ट्रॉबेरीचं सगळं मर्म मातृरोपात आहे. तेच तेच रोप पुन्हा लावत गेलं की त्यात विषाणू साचतात, फळ लहान होत जातं. म्हणून अमेरिका, इटली, स्पेनकडून निरोगी मातृरोपं मागवायची. विलगीकरणाचे नियम, कागदपत्रं, बंदरावरची तपासणी, थंड कंटेनर. दहा गुंठ्यांच्या शेतकऱ्याला हे जमणं अशक्यच. अखिल भारतीय स्ट्रॉबेरी उत्पादक संघानं आणि गावातल्या सहकारी संस्थांनी ही जुळणी अंगावर घेतली. मातृरोपं आली की ती घाटाखाली वाई परिसरातल्या रोपवाटिकांत जातात, कारण महाबळेश्वरच्या धो धो पावसात रनर धरत नाहीत. तिथे वेलीसारखे रनर पसरतात, प्रत्येक गाठीला रोप धरतं. ऑगस्ट-सप्टेंबरात ही रोपं पुन्हा घाट चढून गादीवाफ्यावर, काळ्या मल्चिंग पेपरच्या भोकात बसतात. तीन महिन्यांत पनेट, म्हणजे फळांच्या डब्या, भरू लागतात.

२०१० मध्ये 'महाबळेश्वर स्ट्रॉबेरी'ला भौगोलिक निर्देशांक मिळाला. अर्ज या संघाचाच होता. असा निर्देशांक कायद्यानं एका माणसाच्या नावावर होत नाही. तो उत्पादकांच्या समूहाच्या किंवा त्यांचं प्रतिनिधित्व करणाऱ्या संस्थेच्या नावावर होतो. त्यामुळे संघासारखं कुणी पुढे आलं नसतं तर महाबळेश्वरच्या नावाला कायद्याचं कुंपण घालता आलं नसतं. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये तसाच मान मिळाला. कुंपण घातलं म्हणून चोरी थांबते असं नाही. मुंबईच्या नाक्यावर कुठल्याही लाल फळाला आजही 'महाबळेश्वर' म्हणून हाळी घातली जाते.

संघाविना फलटण

महाबळेश्वरच्याच सातारा जिल्ह्यात एक उलटं उदाहरणही आहे. फलटणला बनबिहारी निंबकरांनी १९६८ मध्ये 'निंबकर कृषी संशोधन संस्था' काढली. बंगालच्या सुंदरबनातली गरोळ मेंढी एका वेळी दोन-तीन कोकरं देते. तिच्यातला 'फेकबी' हा जनुक दख्खनी मेंढीत आणायचा, असा विचार संस्थेनं केला. याच जनुकाच्या मेंढ्या अठराव्या शतकाच्या शेवटी कलकत्त्याहून ऑस्ट्रेलियाला गेल्या होत्या आणि तिथे 'बुरूला' म्हणून नावाजल्या. फलटणच्या कामात ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा सोबत होती. कोकराच्या रक्ताचा थेंब पुण्याला जायचा आणि जनुक आला की नाही, ते कळायचं. त्यातून 'नारी सुवर्णा' ही मेंढी उभी राहिली.

शास्त्र अव्वल. पण द्राक्षवाल्यांसारखा संघ मेंढपाळांच्या मागे नव्हता. धनगराचा कळप पावसाबरोबर हिंडतो. त्याच्याकडे मासिक नाही, अधिवेशन नाही. त्यामुळे कळपात कोणती मेंढी व्यायली, किती कोकरं जगली, ही नोंद संस्थेच्या माणसांनाच वाड्यावर जाऊन ठेवावी लागली. जुळी कोकरं जगवायला जास्त चारा आणि देखभाल लागते, हेही समजावत बसावं लागलं. द्राक्षात जे काम शेजारी शेजाऱ्यासाठी करतो, तेच इथे प्रयोगशाळेला करावं लागलं.

संघाची दुखणी

संघ आहे म्हणून सगळं आलबेल, असं तासगावात कुणी म्हणणार नाही. बांधावर येऊन भाव ठरवणारा आणि पेट्या भरून गेल्यावर फोन बंद करणारा व्यापारी हे द्राक्षपट्ट्यातलं दरवर्षीचं दुखणं. ओळखपत्र तपासा, पोलिसांत नोंद करा, असं संघ सांगत राहतो. पण माल पिकला, वर आभाळ भरून आलं, की दारात आलेल्या ट्रकला नाही म्हणायची छाती कुणाची होत नाही. २०१९ च्या ऑगस्टात सांगली पुरात बुडाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसानं फुलोऱ्यातल्या बागा नेल्या. केवडा रोग घडात शिरला की औषधाचा उपयोग उरत नाही. अशा वेळी विम्याचे निकष आणि पावसाची तारीख यांचा मेळ बसत नाही. तो वाद मांडायला पुन्हा संघच लागतो.

त्याहून खोल प्रश्न द्राक्षाच्या जातीचा आहे. पेरू, चिली, दक्षिण आफ्रिका इथे रंगीत, कुरकुरीत नव्या जातींचं पीक वाढलं. त्या जाती खासगी पैदासकारांच्या असतात. लावायची तर करार करायचा आणि स्वामित्वधन भरायचं. नाशिककडे अशा काही जाती आल्या. तासगावची सवय निराळी आहे. इथे चांगली काडी दिसली की शेजारी मागतो आणि ती दिली जाते. तास-ए-गणेश असाच वाढला. २००१ च्या भारतीय कायद्यानं शेतकऱ्याला बियाणं राखायचा, वाटायचा हक्क दिला आहे आणि पैदासकारालाही त्याचा हक्क दिला आहे. खासगी कराराच्या बागेतली काडी मात्र शेजाऱ्याला देता येत नाही. मग मांजरीच्या केंद्रानं नव्या जाती वेगानं द्याव्यात, की संघानं बाहेरच्या जातींचे हक्क सामाईक विकत घ्यावेत, हा वाद अधिवेशनाच्या मांडवात जोरात चालतो.

तोवर बेदाणा शेडं थांबत नाहीत. निर्यातीला न बसलेली आणि बाजारात न उठलेली द्राक्षं फेब्रुवारीपासून पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या टाकीतून बाहेर पडतात, जाळ्यांवर पसरली जातात आणि पंधरा-वीस दिवसांत सुकून खडखडतात. तासगाव आणि सांगलीच्या सौद्यात त्यांच्या पेट्या ओळीनं लागतात. व्यापारी मूठभर बेदाणा तळहातावर घेऊन रंग पाहतो, दोन दाणे दातांखाली धरतो, भाव बोलतो.

चर्चासत्र संपलं की मांडवातल्या खुर्च्या उचलल्या जातात. आता जाजमाच्या जागी खुर्च्या आल्यात. वक्त्याच्या गाडीपाशी मात्र गर्दी तशीच असते. कुणाच्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेलं पान असतं, कुणाच्या मोबाईलवर घडाचा फोटो. शास्त्रज्ञ चष्मा वर सरकवून पान उलटं करतात आणि विचारतात, 'छाटणी कितवी तारीख?' प्रश्न एकाला असतो, पण उत्तर ऐकायला मागे दहा-बारा जण टाचा उंचावून उभे असतात.